लग्न डिसेंबरात, गालावर पिंपल्सचे खड्डे, आत्ता लेझर करू का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं, की वय २८, राहायला पंचवटीत, अंबडच्या कंपनीत सीएनसी मशीनवर, रोज बाईकने जाणं-येणं, दोन्ही गालांवर पिंपल्सचे जुने खड्डे, लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि एका क्लिनिकने फ्रॅक्शनल सीओटू नावाच्या लेझरच्या सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, आजच्या आज पैसे भरले तर डिस्काउंट. तुम्हाला विचारायचंय की फरक किती पडेल, किती दिवस तोंड लपवून बसावं लागेल, चेहरा काळा तर नाही ना पडणार, आणि आई म्हणते लेझरने कॅन्सर होतो त्याचं काय. पण शेवटच्या ओळीत तुम्ही अजून एक गोष्ट सहज लिहून टाकलीय, की पिंपल अधूनमधून अजूनही येतात आणि त्यावर मेडिकलवाल्याने दिलेली क्रीम दोन वर्षं लावतोय, "ती लावली की चेहरा क्लिअर राहतो". भाऊ, माझ्यासाठी सगळं प्रकरण त्या ओळीत आहे.

मी स्किनची डॉक्टर, नाशिकमध्येच अठरा वर्षं झाली, लेझर रोज करते, त्यामुळे लेझरच्या विरोधात काही नाही. पण तुमच्या केसमध्ये माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं नीट वाचता येईल. लग्नाआधी सहा सिटिंग बसतच नाहीत. फार तर एक, तीही हलकी, आणि पिंपल शांत झाले आणि ती क्रीम सुटली तरच, नाहीतर शून्य. चेहरा न बघता बोलतेय, तेव्हा समोर बसलेल्या डॉक्टरला वेगळं काही दिसलं तर त्यांचं ऐका, पण त्यांना ती क्रीम दाखवून मग ऐका.

आता लेझर करतो काय ते. लेझर खड्डा भरत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. लेझर जखम करतो. खड्डा भरायचं काम तुमची स्वतःची कातडी करते, आणि ती ते रमतगमत करते, तीन महिने, कधी सहा. सीओटू लेझरचा प्रकाश १०,६०० नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसत नाही आणि पाणी तो लगेच शोषून घेतं, आणि कातडीत तर पाणीच पाणी, म्हणून तो जिथे पडतो तिथली कातडी क्षणात वाफ होऊन उडते आणि आजूबाजूची थोडी भाजते. (जाता जाता, हा सीओटू लेझर १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये बनवला तो कुमार पटेल यांनी, जन्म बारामतीचा आणि इंजिनीअरिंग पुण्याच्या सीओईपी कॉलेजचं, पेशंटला हे सांगितलं की निम्मी भीती जाते.) नव्वदच्या दशकात याच लेझरने वरचा अख्खा थर काढायचे, म्हणजे पूर्ण वावर नांगरून टाकल्यासारखं. रिझल्ट जबरदस्त यायचा पण दोन-दोन आठवडे ओली जखम, महिनोन्महिने लाली, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीला डागांची भीती फार. मग २००४ मध्ये फ्रॅक्शनलची कल्पना पुढे आली, ती म्हणजे टोकण. नांगरायचं नाही, ठराविक अंतरावर बारीक बारीक भोकं पाडायची आणि मधली कातडी शाबूत ठेवायची, म्हणजे त्या शाबूत कातडीतून जखम पटापट भरते. वरचा थर चार-पाच दिवसांत मिटतो, आत नवीन कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीव ठेवणारं प्रथिन, बनत राहतं.

आईंना सांगा, हा प्रकाश उष्णतेचा आहे, एक्स-रेसारखा नाही आणि उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेटसारखाही नाही, त्याने कॅन्सर होत नाही. रोज दुपारी दोनच्या उन्हात द्वारका सर्कलला सिग्नलवर उभं राहणं कातडीला याच्यापेक्षा जास्त घातक.

फरक किती पडेल हे मशीनपेक्षा खड्ड्याच्या जातीवर ठरतं, आणि हे तुम्हाला पॅकेज सांगणारा सहसा सांगत नाही. रात्री खोलीतला दिवा बंद करून मोबाईलचा टॉर्च गालाच्या बाजूने धरा आणि आरशात बघा. दाभणाने टोचल्यासारखी बारीक खोल भोकं दिसली तर ते आइस पिक, त्यांना लेझरचा फारसा उपयोग नाही, त्यांच्या तळाशी टूथपिकने कडक टीसीए अ‍ॅसिडचा थेंब सोडायची ट्रीटमेंट असते, स्वस्त असते आणि बरी असते. कांजिण्यांच्या व्रणासारखे, कडा सरळ आणि तळ सपाट असलेले खड्डे, ते उथळ असतील तर लेझरचं खरं गिऱ्हाईक तेच. आणि तिसरे लाटांसारखे, गाल दोन बोटांनी ताणला की गायब होतात आणि सोडला की परत येतात, ते खालून कातडीतल्याच दोऱ्यांसारख्या तंतूंनी ओढून धरलेले असतात, तिथे वरून कितीही लेझर मारा, दोर तुटल्याशिवाय कातडी वर येणार नाही. ते दोर सुईने आतून तोडतात, त्याला सबसिजन म्हणतात. बहुतेकांच्या गालावर तिन्ही जाती एकत्र असतात. म्हणून "सगळ्यांना सीओटू सहा" हे ऐकलं की मला "सगळ्यांना पॅरासिटामॉल सहा" ऐकल्यासारखं वाटतं. आणि हो, जे तपकिरी सपाट डाग आहेत, बोटाला लागत नाहीत, ते खड्डे नाहीतच, ते उन्हापासून जपलं आणि पिंपल थांबले की बरेचसे आपोआप जातात, त्यासाठी कातडी जाळायची गरज नाही.

आकड्यात विचाराल तर मी पेशंटला सांगते की सगळ्या सिटिंग नीट झाल्या तर अर्धा फरक धरून चाला, जास्त झाला तर बोनस. फोटोत छान दिसतं, समोरासमोर दोन हातांवरून कोणाला कळत नाही, पण बाजूच्या उजेडात तुम्हाला खड्डे दिसणारच. काचेसारखा गाल ज्याला पाहिजे त्याला मी परत पाठवते, कारण तो मुलगा सहाव्या सिटिंगनंतर पण नाराजच राहतो.

आता प्रत्यक्ष काय होतं ते, कारण याची कोणी नीट कल्पना देत नाही. आधी बधिर करायची क्रीम लावून पाऊण-एक तास बसवतात. (ती क्लिनिकमध्येच लावून घ्या, घरून जाड थर लावून वर प्लास्टिक गुंडाळून येऊ नका, जास्त अंगात भिनली तर चक्कर, झटके इथपर्यंत जाऊ शकतं.) डोळ्यांवर शील्ड. मग टकटक आवाज, जळलेल्या केसाचा वास, आणि तव्यावरचं तेल उडून गालावर पडावं तसे चटके, बधिर असूनही थोडे लागतात, विशेषतः जबड्याच्या हाडावर. पंधरा-वीस मिनिटांत संपतं. खरी आग नंतर होते, दोन-तीन तास, मिरची कांडलेला हात तोंडावर फिरवल्यासारखी, थंड पाण्याच्या पट्ट्यांनी कमी होते. संध्याकाळी चेहरा लाल आणि थोडा ओलसर. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज, डोळ्यांखाली जास्त, म्हणून त्या रात्री दोन उशा घेऊन झोपा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गालावर बारीक तपकिरी ठिपक्यांची जाळी दिसते आणि हात लावला तर पॉलिश पेपर. ती जाळी पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत आपोआप गळते, नखाने काढली तर डाग स्वतःच्या हाताने पेरलात असं समजा. खालची कातडी गुलाबीसर निघते, आपल्याकडे तांबूस दिसते, ती लाली अजून एक-दोन आठवडे राहते.

यात एक गंमत आहे जी मला दर महिन्याला कोणाला तरी समजावावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुजेमुळे खड्डे भरलेले दिसतात. पेशंट खूश, मला फोटो पाठवतो, मॅडम जादू झाली. पंधराव्या दिवशी सूज उतरलेली असते, खड्डे जागेवर, तोच पेशंट चिडून फोन करतो की मॅडम सगळं परत आलं. परत काही आलेलं नसतं, गेलंच नव्हतं. खरा बदल तिसऱ्या महिन्यात कळतो आणि तोही जुना फोटो शेजारी ठेवला तरच, कारण रोज आरशात बघणाऱ्याला तो कळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी एकाच खोलीत, एकाच उजेडात, बाजूने फोटो काढून घ्या, क्लिनिकवाले काढत नसतील तर स्वतः काढा.

तोंड लपवायचं म्हणाल तर घरात पाच दिवस, कंपनीत जायला सात ते आठ. तुमच्या बाबतीत मी आठच म्हणेन, कारण सीएनसीच्या कूलंटचा, म्हणजे मशीन थंड ठेवायच्या द्रवाचा, फवारा हवेत असतो आणि उघड्या कातडीला तो चांगला नाही, शिवाय हेल्मेटचं पॅडिंग नेमकं गालावरच घासतं. तेवढे दिवस बाईक बंद, बस नाहीतर रिक्षा. दाढी जाळी पूर्ण पडेपर्यंत करायची नाही, आणि करायची तेव्हा उलटा हात नको. धुवायला साधा माइल्ड फेसवॉश, लावायला जाड थर व्हॅसलिनचा नाहीतर डॉक्टर देतील ते, जाळी पडली की सनस्क्रीन, दर तीन तासांनी. लिंबू, कोरफड, मुलतानी माती, वाफ, स्क्रब काही नाही. फेशियल तर नाहीच नाही. दुखणं दोन दिवसांनी कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पिवळा पू आला, किंवा पाण्याचे बारीक फोड घोळक्याने उठले तर रविवार असला तरी डॉक्टरला फोन. ते फोड म्हणजे ओठाच्या कडेला येतो तोच हर्पिस, जखमी चेहऱ्यावर तो झपाट्याने पसरतो, म्हणून ओठावर पूर्वी कधी असे फोड आले असतील तर आधीच सांगा, लेझरच्या आधीपासून गोळ्या चालू करता येतात. छातीवर-खांद्यावर एखादा व्रण फुगून मोठा झालेला असेल तर तेही सांगा, अशा कातडीवर लेझर मारताना दहादा विचार करावा लागतो.

काळं पडायचं काय? पडू शकतं. गोऱ्या लोकांच्या व्हिडिओत ही भानगड दिसत नाही कारण त्यांना ती फार होतच नाही. आपली कातडी जखम झाली की रंग जास्त सोडते, मग ती जखम पिंपलची असो, चटक्याची असो नाहीतर लेझरची. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे सगळं छान झालं असं वाटत असतानाच गाल मातकट दिसायला लागतो. बहुतेक वेळा दोन-चार महिन्यांत जातं, कायमचं क्वचित, पण ते दोन-चार महिने नेमके कोणते आहेत यावर सगळं अवलंबून, आणि तुमचे ते लग्नाचे आहेत.

यात माझीच एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत दिंडोरीकडची एक मुलगी नोव्हेंबरच्या शेवटी आली, थंडी आहे, ऊन कमी, म्हटलं हा सीझन उत्तम. उन्हात जाऊ नकोस सांगितलं, तिने मान हलवली. चौथ्या दिवशी ती द्राक्षाच्या बागेत थिनिंगला, म्हणजे घड विरळ करायला, होती, कारण घरची बाग, मजूर मिळत नव्हते, आणि तिच्या डोक्यात "उन्हात जाणं" म्हणजे मे महिन्यात जाणं. तिचे गाल काळवंडले, पूर्ववत व्हायला एप्रिल उजाडला. मी कागदावर सगळं लिहून दिलं होतं पण घरी काम कोण करणार हे विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी पेशंटला त्याचा पुढच्या दहा दिवसांचा दिवस कसा जाणार ते तासातासाने सांगायला लावते. तुमचाही मनात सांगून बघा, फर्स्ट शिफ्ट असेल तर सुटल्यावर अंबड ते पंचवटी भर दुपारचा रस्ता.

म्हणूनच टेस्ट पॅच. जबड्याखाली किंवा कानापुढे एक रुपयाएवढ्या जागेवर लेझर मारून चार आठवडे थांबायचं. तिथे काळं पडलं नाही तर गालावर हात घालायचा. यात पेशंटचा महिना जातो आणि डॉक्टरची सिटिंग जाते म्हणून कोणालाच नको असतं. मला विचाराल तर लग्न जवळ असलेल्या सावळ्या माणसाला टेस्ट पॅचशिवाय सीओटू करूच नये. आणि अशा कातडीसाठी मी स्वतः बऱ्याचदा सीओटूऐवजी एमएनआरएफ घेते, म्हणजे बारीक सुयांतून आत उष्णता सोडायची, वरचा थर फारसा भाजत नाही, काळं पडायची शक्यता कमी. दोन-तीन दिवसांत माणूस कामावर जातो. पॅकेजवाल्यांना विचारा हे मशीन आहे का. नसेल तर ते सीओटूच विकणार, ज्याच्याकडे हातोडी आहे त्याला सगळीकडे खिळेच दिसतात.

आता ती क्रीम. ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काहीही असेल तर ते स्टिरॉइड आहे, आणि चेहरा "क्लिअर" दिसतोय तो त्यामुळे. स्टिरॉइडने कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, आणि पिंपल खाली दाबले जातात, जात नाहीत. २०१८ पासून या मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची आहे, तरी ओळखीच्या दुकानात "गोरं व्हायची क्रीम" म्हणून मिळतात. अशा पातळ कातडीवर लेझर म्हणजे भिजलेल्या कागदावर इस्त्री. पण लगेच उद्यापासून बंद पण करू नका, एकदम सोडली की चेहरा लाल, खाज, पिंपलांचा पूर, आणि मग माणूस घाबरून परत लावतो, यातच लोकांची वर्षं जातात. डॉक्टरच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने सोडवावी लागते, सहा-आठ आठवडे त्रासाचे धरा.

आणि चालू पिंपल असताना खड्ड्यांवर खर्च करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. आधी पिंपल बंद, गोळी लागली तर गोळी. आयसोट्रेटिनॉइन ही पिंपलची गोळी चालू झाली तर लेझरवाल्याला सांगा. पूर्वी गोळी संपल्यावर सरसकट सहा महिने थांबायचे, २०१७ पासून तज्ज्ञांचं मत बदललंय, हलक्या फ्रॅक्शनल ट्रीटमेंटला तेवढं थांबायची गरज नाही म्हणतात, पूर्ण थर काढणाऱ्या लेझरला मात्र अजूनही थांबतात.

पॅकेजबद्दल थोडंच. पहिली सिटिंग तुमच्या कातडीला मानवते का हे बघायच्या आधी सहाव्या सिटिंगचे पैसे कशाला द्यायचे? एकेक सिटिंगचे द्या, महाग पडलं तरी. लेझर हातात कोण धरणार ते विचारा, स्किनचे डॉक्टर की ट्रेनिंग घेतलेली मुलगी, आणि काही बिघडलं तर रात्री फोन कोण उचलणार. आणि मशीनचं नाव विचारा, कारण कार्बन पील, हॉलिवूड पील, लेझर फेशियल हे सगळं "लेझर" म्हणूनच विकतात, त्याने दोन दिवस चमक येते, खड्ड्याला काही होत नाही.

तर तुमचं कॅलेंडर. आत्ता ऑगस्ट. हा महिना आणि सप्टेंबर क्रीम सोडवण्यात आणि पिंपल थांबवण्यात जाणार, हे जमलं तरी चेहरा आजच्यापेक्षा बरा दिसेल, लेझरचा एक फटका न मारता. लाटांसारखे खड्डे जास्त असतील तर सप्टेंबरच्या सुरुवातीला एक सबसिजन करता येईल, गाल दहा-बारा दिवस काळानिळा राहतो, मग उतरतो. टेस्ट पॅच त्याच सुमारास. तो चांगला राहिला तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एक हलकी सिटिंग, आणि त्यानंतर लग्नापर्यंत काहीही नाही. माझा नियम आहे, शेवटची सिटिंग आणि हळद यात आठ आठवडे पाहिजेत. हळद लावताना काकू-मामी मायेने जोर लावून चोळतात, त्यात आजकाल पॅकेटची हळद, त्यात अत्तर, त्यात दही, आणि नवीन कातडीला यातलं काहीही भडकवू शकतं. आठ आठवडे बसत नसतील तर सिटिंग सोडा, हळद सोडू नका. फोटोग्राफरला सांगा समोरून उजेड ठेव, अर्धे खड्डे तिथेच जातात.

खरी ट्रीटमेंट जानेवारीत चालू करा, लग्नाची धावपळ संपलेली, थंडी असते, सहा-सहा आठवड्यांच्या अंतराने तीन ते चार सिटिंग. फक्त पंचवटीतले आहात म्हणून आधीच सांगते, रंगपंचमीला शनी चौकाच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा म्हणजे उडी मारायचा बेत असेल तर त्याच्या आधीचे सहा आठवडे सिटिंग घेऊ नका, आणि हे तुमच्या डॉक्टरला जानेवारीतच सांगा, आदल्या दिवशी नाही.